गाणाऱ्या मुलांचं वेळापत्रक

मुलांची आंतरराष्ट्रीय गाण्याची स्पर्धा पुढच्या वर्षी नेदरलँड्समध्ये होणार असं ठरलं, तेव्हा मी एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं वेळापत्रक सांभाळत होते. वेळापत्रकं करणं हेच माझं काम. कुणी कधी काय करायचं, कशाच्या आधी काय संपलं पाहिजे, कुठे दोन दिवस हातचे ठेवायचे, हे मी वीसेक वर्षं करत आले आहे. स्पर्धेच्या टीव्ही कार्यक्रमाचं काम ज्या कंपनीकडे आलं, तिला असं कुणीतरी वर्षभरासाठी हवं होतं. आमच्या साहेबांनी माझं नाव पुढे केलं. मला विचारलं, पण विचारण्याची पद्धत अशी होती की नाही म्हणायला जागा नव्हती.

कार्यक्रमाच्या निर्मातीबाई पंचावन्नच्या आसपासच्या, उंच, केस बारीक कापलेले. आयुष्यभर मीटिंगांत बोलून त्यांचा आवाज घोगरा झाला होता. इथे साहेबालाही अरे-तुरेच करतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आम्ही एकमेकींना अगं-तुगंच करत होतो.

"मुलांबरोबर कधी काम केलंयस?" तिने विचारलं.

"घरी एक आहे. तेरा वर्षांची."

"मग ठीक आहे. तसा तुझा मुलांशी संबंध येणारच नाही. तुझं फक्त प्लॅनिंग."

मी हार्लेमला राहते आणि स्पर्धेचा हॉल आर्नहेमला होता, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग दोनदा, आणि शेवटच्या दोन महिन्यांत रोज मी सकाळी सायकल स्टेशनवर लावून ट्रेन पकडायचे आणि अ‍ॅमस्टरडॅम, उत्रेख्त करत आर्नहेमला पोचायचे. जाताना काम, येताना डुलकी. मान आखडायला लागली म्हणून हाउसआर्ट्सकडे गेले. त्याने मान इकडेतिकडे वळवून पाहिली आणि या देशातले फॅमिली डॉक्टर जे सांगतात तेच सांगितलं : पॅरासिटामॉल घे आणि दोन आठवड्यांनी बघू. दोन आठवड्यांनी मला वेळ नव्हता.

लोकांना वाटतं, गाण्याची स्पर्धा म्हणजे गाणी असतील. वर्षभर मी एकही गाणं पूर्ण ऐकलं नाही. सोळा देश येणार होते. प्रत्येक देशाचं एक मूल किंवा दोन-तीन मुलं, त्यांच्याबरोबर आई किंवा बाप, गाणं बसवणारे, कपडे करणारे, आणि या सगळ्यांचा एक टीमप्रमुख. कोणाची बस हॉटेलवरून कधी निघेल, मेकअपच्या खुर्चीत कोण कधी बसेल, कोणाला काजू चालत नाहीत, कोणाला कुठल्या भाषेचा दुभाषा लागेल, हे सगळं माझ्या एक्सेलमध्ये होतं. एका गाण्याचं सामान स्टेजवरून उचलून दुसऱ्याचं मांडायला पाऊण मिनिट मिळायचं, त्यावर तीन मीटिंगा झाल्या. कार्यक्रमाच्या शेवटी वरून चमकणारे कागदाचे तुकडे पाडायचे की नाहीत यावर दोन तास गेले, कारण कुणीतरी म्हणालं, मुलं ते गोळा करायला धावतील आणि कॅमेऱ्यात फक्त त्यांच्या पाठी दिसतील. बाहेर पडल्यावर मला आठवेना की आम्ही नक्की काय ठरवलं. मीटिंगच्या मिनिट्समध्ये पाहिलं, तर काहीच ठरलं नव्हतं.

सगळ्यांत किचकट होते मुलांचे तास. या देशात मुलांनी असं काम करायचं तर आधी परवानगी लागते आणि वयाप्रमाणे तास मोजावे लागतात. मुलाने हॉलच्या दारातून आत पाऊल टाकलं की घड्याळ सुरू. गाणं, ड्रेस, मेकअप, मुलाखत, नुसतं रांगेत उभं राहणं, हे सगळं काम. जेवण, शाळेचा अभ्यास आणि विश्रांती वेगळी मोजायची. मी प्रत्येक मुलाच्या नावापुढे दिवसाचे पाव-पाव तासाचे चौकोन केले होते. कामाचा निळा, विश्रांतीचा हिरवा, अभ्यासाचा पिवळा. निळे चौकोन ठरलेल्या आकड्याच्या पुढे गेले की ओळ आपोआप लाल व्हायची.

या सगळ्यावर देखरेख ठेवायला एक निवृत्त मुख्याध्यापक नेमले होते. मुलांचं हित पाहणं हे त्यांचं काम. पाऊण वर्ष मी त्यांच्याशी फोनवर बोलले आणि शेवटच्या महिन्यात आम्ही शेजारी बसायला लागलो. त्यांच्या कोटाच्या खिशात ड्रॉपची पुडी असायची. ड्रॉप म्हणजे इथल्या लोकांची जीव की प्राण असलेली काळी, चिवट गोळी. एकदा त्यांनी पुडी पुढे केली, आणि इतक्या वर्षांत टाळलेली ती गोळी मी दमल्या दमल्या तोंडात टाकली. मिठाच्या खाली ज्येष्ठमधाची चव होती.

ती चव मी तीस वर्षांपूर्वी सोडली होती.

माझे वडील परभणीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते आणि त्यांची गायन पार्टी होती. पेटी त्यांची, ढोलकी काकाची, कोरसला गल्लीतली दोघं. एप्रिलमध्ये जयंतीचे दिवस आले की गावोगावी कार्यक्रम असायचे. कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, कधी विहारासमोर पाट टाकून. मी सात वर्षांची असल्यापासून त्या पार्टीत गायचे. माइक तोंडाशी यावा म्हणून मला पेटीच्या खोक्यावर उभं करायचे. लोक म्हणायचे, पोरीचा आवाज खणखणीत आहे. अकरा वर्षांची असताना मुखेडकडच्या एका गावात कार्यक्रम होता. त्या दिवशी माझा घसा धरला होता. वडिलांनी ज्येष्ठमधाचा तुकडा चघळायला दिला. मी तीन गाणी म्हटली आणि चौथ्यात आवाज फाटला. तो नंतर कितीतरी महिने परत आला नाही. डॉक्टरने बोलणंच बंद करायला लावलं होतं. आला तेव्हा बोलण्यापुरता आला. मी पुन्हा गायले नाही, वडिलांनी पुन्हा गा म्हटलं नाही, आणि त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही.

नवऱ्याला मी ही गोष्ट लग्नानंतर सांगितली होती ती अशी : माझा घसा दुखत होता, तरी मला उभं केलं. स्वतःशीही मी ती अशीच सांगत आले होते.

नोव्हेंबरच्या शेवटी टीम आल्या. आठवडाभर रिहर्सल आणि रविवारी दुपारी थेट प्रक्षेपण. निर्मातीबाई म्हणाली होती तसा मुलांशी माझा संबंध यायला नको होता, पण माझी खोली स्टेजकडे जाणाऱ्या कॉरिडॉरवर होती आणि दार उघडंच असायचं. मुलं येता-जाता डोकावायची. भिंतीवर लावलेल्या रंगीत चौकोनांत स्वतःची ओळ शोधायची. मंगळवारपर्यंत माझं नाव पडलं होतं : टाइम लेडी. वेळवाली बाई.

त्यांच्यात एक अकरा वर्षांची मुलगी होती, नकाशात बोट ठेवायला जागा नाही एवढ्या छोट्या देशातली. किडकिडीत, केसांची घट्ट वेणी, बूट नेहमी हातात. बरोबर आई होती, तिला इंग्रजी येत नव्हतं. टीमप्रमुख चाळिशीचा माणूस, कानात कायम इअरफोन. गाण्याच्या शेवटच्या कडव्याला ती उभी असलेला चौथरा दोन पुरुष उंचीइतका वर जायचा आणि तिथून तिने शेवटचा लांब, वरचा सूर लावायचा, अशी त्यांची योजना होती. कमरेला पट्टा असायचा, धरायला बारीक दांडी असायची. सोमवारी पहिल्या रिहर्सलला चौथरा उचलला आणि ती गप्पच झाली. संगीत पुढे गेलं, ती दांडी धरून उभी. बुधवारी दुसऱ्या रिहर्सलला ती गायली, पण दांडी सोडली नाही आणि शेवटचा सूर घसरला. मी तो कॉरिडॉरमधल्या टीव्हीवर पाहिला. मला घसरलेला सूर कळतो, एवढं अजून शिल्लक आहे.

गुरुवारी एका टीमने आपला वेळ कमी केला आणि स्टेजवर वीस मिनिटं मोकळी झाली. मुलीचा टीमप्रमुख लगेच आला. "आम्हाला तिसरी रिहर्सल द्या."

निर्मातीबाई माझ्या खुर्चीमागे उभी होती. "बसतंय का?"

मी मुलीची ओळ पाहिली. बसत होतं, अगदी काठावर. दुपारचा एक तास हिरवा होता, म्हणजे जेवण आणि विश्रांती. टीमनेच तसं लिहून दिलं होतं. पण त्याच दुपारी मी पाणी आणायला गेले तेव्हा कपड्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत ती मुलगी दोन्ही हात पसरून स्टुलावर उभी होती, शिवणारी बाई तोंडात टाचण्या धरून तिच्या बाह्या घेत होती, आणि टेबलावर चीज घातलेला पाव कागदात तसाच होता. परत येतानाही ती तशीच उभी होती.

मी म्हणाले, "बघून सांगते." दोघं गेल्यावर मी तो तास निळा केला. ओळ लाल झाली, आणि तिसरी रिहर्सल देता येणार नाही असं मी टीमला कळवलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर समाधान वाटलं. थकलेलं होतं, पण समाधान. एका तरी मुलीला मी खाली उतरवलं, असं काहीसं.

ते तासाभरच टिकलं. निर्मातीबाईने मला बाजूला घेतलं. ती ओरडली नाही. त्यांच्यात ओरडत नाहीत, वाक्यं लहान करतात. "तू आधी माझ्याकडे यायला हवं होतंस."

"नोंद खोटी होती."

"असेल. आता ती एकच खोटी होती की आणखी आहेत, हे बघावं लागेल. तुला कळतंय का?"

मला कळत होतं. मुख्याध्यापक तोपर्यंत आपला चष्मा पुसत उभे होते. ते म्हणाले, "तुम्ही बरोबर केलंत." आणि मग खाली बसून त्यांनी सोळाही टीमच्या जेवणाच्या तासांची चौकशी सुरू केली. आणखी चार टीमनी तसंच केलं होतं. कुठे जेवणाच्या वेळी फोटो काढले होते, कुठे नाच बसवला होता. शुक्रवार आणि शनिवारचं सगळं वेळापत्रक मोडलं. मी ते पुन्हा मांडायला बसले. बसचे ड्रायव्हर चिडले, दुभाषे चिडले, जेवण पुरवणाऱ्याने शांतपणे विचारलं की सूप तुम्ही येऊन गरम करणार आहात का. त्याच संध्याकाळी माझ्या लेकीच्या शाळेत वर्गशिक्षकांशी दहा मिनिटांची भेट होती. ती मी दोन महिन्यांपूर्वी ठरवली होती. नवरा एकटाच गेला. लेकीने मला डचमध्ये मेसेज केला : काळजी करू नकोस, माझ्याबद्दल चांगलंच बोलले. मी तिला मराठीत उत्तर दिलं. तिने अंगठा पाठवला.

त्या वेणीवाल्या मुलीचा टीमप्रमुख मात्र स्पष्ट बोलला. "आमच्या देशात हा कार्यक्रम प्रत्येक घरात बघतात. ती वर जाऊन चुकली तर लोक तिला वर्षभर विसरणार नाहीत. तुम्ही तिची संधी घालवलीत." एवढं बोलून त्याने इअरफोन परत कानात घातला.

हॉलमधून निघताना मुलगी मला कॉरिडॉरमध्ये भेटली. भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, बूट शेजारी, हातात चॉकलेटचे दाणे पेरलेला पाव. आई बस आली का बघायला पुढे गेली होती. मुलीचं इंग्रजी व्हिडिओ बघून शिकलेलं, भराभर बोलणारं होतं.

"तुम्हीच माझी रिहर्सल काढलीत?"

"हो. तुझे तास संपले होते. तू दुपारी जेवलीही नव्हतीस."

"मला भूक नव्हती." तिने पावाकडे पाहिलं. "मला ती रिहर्सल हवी होती."

"तू दमली होतीस."

"दमले होते. पण हवी होती. वर गेलं की मला भीती वाटते. पहिल्यांदा खूप वाटली. दुसऱ्यांदा थोडी कमी. तिसऱ्यांदा अजून कमी वाटली असती. आता मला थेट रविवारीच वर जायचंय." ती रागावलेली नव्हती. हिशेब मांडावा तसं सांगत होती. "तुम्ही मला विचारलं नाहीत."

मी सॉरी म्हणाले. ती "ओके" म्हणाली, मुलं जशी विषय संपवायला म्हणतात तसं. मग आईने हाक मारली आणि ती बूट उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेनमध्ये मी लॅपटॉप उघडला नाही. परभणीला फोन लावला. तिकडे जेवणाची वेळ होत आली होती. वडिलांना आता कमी ऐकू येतं, म्हणून फोन आईने घेतला.

"आई, मुखेडकडचा तो कार्यक्रम आठवतो का? माझा आवाज गेला तो."

"आठवतो की. आज काय मध्येच?"

"माझा घसा दुखत होता, तरी बाबांनी मला का उभं केलं?"

आई म्हणाली, "त्यांनी कुठं उभं केलं? ते नकोच म्हणत होते. पेटी मिटून ठेवली होती त्यांनी. तूच रडून गोंधळ घातलास. त्या दुसऱ्या पार्टीतली पोरगी गायली होती ना तुझ्या आधी, म्हणून मी बी म्हणणारच, म्हणून. खोक्यावरून उतरेनाशी झालीस."

"मला असं काही आठवत नाही."

"बरं. नसंल आठवत."

मी बाबांना विचारायला सांगितलं. आईने मोठ्याने विचारलं, दोनदा. मागून वडिलांचा आवाज आला, "कुठला कार्यक्रम?" मग थोड्या वेळाने, "तिचा आवाज माझ्याच्यानं गेला, सांग तिला." आई म्हणाली, "हे बघ, ते असंच म्हणतात. आजच नाही, आधीपासून. मी सांगते ते खरं आहे."

आई नेहमीच बाबांची बाजू सांभाळत आली आहे, त्यामुळे तिचं किती धरायचं ते मला कळेना. आणि बाबांनी माझ्यासमोर कधी न काढलेला शब्द तिच्याजवळ किती वर्षं काढला होता, तेही कळेना. उत्रेख्तला गाडी बदलायची होती. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जाऊन रांगेत उभी राहिले. समोरच्या बाईच्या पाठीवरच्या पिशवीची चेन उघडी होती, ते तिला सांगायलाही मला तोंड उघडवेना.

आर्नहेमला पोचल्यावर मी त्या मुलीची शनिवारची ओळ उघडली. तास वाढवता येणार नव्हते, त्यात बदल नव्हता. पण आत काय भरायचं ते बदलता येत होतं. शनिवारी सकाळी तिच्या तीन मुलाखती होत्या, मिळून पाऊण तास. त्यातल्या एकीच्या जागी चौथऱ्याचा पाव तास बसत होता. मी मुख्याध्यापकांना बरोबर घेतलं, दुभाष्याला बोलावलं, आणि टीमप्रमुख, आई आणि मुलगी अशी सगळी माझ्या खोलीत आली. खुर्च्या दोनच होत्या, म्हणून सगळे उभेच राहिले.

मी मुलीलाच विचारलं, "शनिवारी तुझ्या देशाच्या चॅनलला मुलाखत आहे. ती ठेवायची, की त्या वेळात चौथऱ्यावर जायचं? कॅमेरा नाही, संगीत नाही. नुसतं वर जायचं आणि खाली यायचं."

दुभाष्याने आईसाठी सगळं तिच्या भाषेत सांगितलं. मुलीने ते संपायची वाट पाहिली नाही. "चौथरा."

टीमप्रमुख म्हणाला, "चॅनल मला विचारेल. तेच आमच्या येण्याचा सगळा भार उचलतात."

"माझं नाव सांगा."

"तुमचं नाव सांगून काय होणार?" तो म्हणाला. ते खरंच होतं. मग आई त्याच्याशी तिच्या भाषेत काहीतरी बोलली, हळू आवाजात, बरंच काही. आठवडाभरात मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. दुभाष्याने ते आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. टीमप्रमुखाने मान हलवली आणि तो निघून गेला.

आता स्टेज हवं होतं. शनिवारी स्टेज सकाळपासून भरलेलं. मोकळा पाव तास एकच, स्टेजवरच्या कामगारांच्या कॉफीचा. या देशात कॉफीच्या वेळेला हात लावणं किती अवघड ते इथे नोकरी केलेल्यालाच कळेल. स्टेजच्या मुकादमाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कॉफी म्हणजे कॉफी." मी म्हणाले, मी कॉफी स्टेजवर आणून देते. तो म्हणाला, "केकसुद्धा?" मी केकसुद्धा म्हणाले. निर्मातीबाईला सांगितलं तेव्हा तिने नुसतं विचारलं, "या वेळी आधी सांगायला आलीस का?" आणि सही केली.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये कामाचे पांढरे दिवे लागलेले होते. त्या उजेडात स्टेज अगदी साधं दिसत होतं, जागोजागी चिकटपट्ट्या. मी ट्रेमध्ये कॉफी आणि सुपरमार्केटमधून आणलेला सफरचंदाचा केक घेऊन आले. दोघा कामगारांनी एका हातात कप धरूनच मुलीच्या कमरेचा पट्टा तपासला. चौथरा वर गेला. तिने दोन्ही हातांनी दांडी धरली होती, डोळे मिटलेले. खाली आला. तिने बोटाने "पुन्हा" अशी खूण केली. दुसऱ्यांदा डोळे उघडे होते. तिसऱ्यांदा वर गेल्यावर तिने एक हात सोडला, मग दुसरा. ती गायली नाही, एक सूरही काढला नाही. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत मिनिटभर उभी राहिली आणि मग म्हणाली, "बस." मी घड्याळ पाहिलं. चौदा मिनिटं झाली होती.

रविवारी दुपारी प्रक्षेपण झालं. वर्षभर ज्यासाठी राबले तो कार्यक्रम मी पाहिला नाही. हॉलच्या मागे खिडकी नसलेल्या एका कंटेनरमध्ये मी हेडसेट लावून बसले होते, समोर फक्त आकडे. कोणती टीम स्टेजवर, कोणती दाराशी, कोणाची किती मिनिटं उरली. ती मुलगी नवव्या क्रमांकावर होती. हेडसेटमध्ये सूचना देणारे आवाज एकमेकांवर चढत होते आणि त्यांच्या मागे कुठेतरी तिचं गाणं होतं. चौथरा वर घ्या, असं ऐकू आलं. मग शेवटचा सूर ऐकू आला, म्हणजे तो असावा. त्यावर कुणीतरी "पुढचं सामान, चला" असं बोलत होतं. तो लागला की घसरला ते मला सांगता येत नाही. नंतर रेकॉर्डिंगमध्ये बघता आलं असतं. मी अजून पाहिलेलं नाही.

सोळा देशांत तिचा नंबर चौदावा आला.

निकालानंतर मी मुलांच्या खोलीत गेले तेव्हा ती आईच्या मांडीत तोंड खुपसून रडत होती. तिच्यासारखी आणखी पाच-सहा मुलं रडत होती. जिंकलेला मुलगासुद्धा रडत होता, तो इतका दमला होता की त्याला काय झालंय ते कळत नसावं. मुख्याध्यापक सगळ्यांना पाणी देत फिरत होते. तासाभराने मी पुन्हा डोकावले तर ती इतर मुलींबरोबर जमिनीवर बसून मेयोनेजमध्ये बुडवून बटाट्याच्या तळलेल्या फ्रिट खात होती आणि मनगटाचे पट्टे त्यांच्याशी अदलाबदल करत होती. मी दारात थोडा वेळ उभी राहिले. तिने एकदा वर पाहिलं, हात केला, जसा कुणालाही करतात तसा, आणि परत बोलायला लागली.

टीमप्रमुख जाताना माझ्यापाशी थांबला. "ती मुलाखत झाली असती तर घरी बसून मत देणाऱ्यांनी तिला जास्त ओळखलं असतं," तो म्हणाला. तो बरोबर असू शकेल. मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याने हात पुढे केला, मी मिळवला.

पुढचे तीन दिवस मी तासांचे तक्ते पूर्ण करून पाठवत होते. एक-एक मूल, एक-एक दिवस. मग अंगात ताप आला आणि मी आठवडाभर झोपले. लेक शाळेतून आली की खोलीच्या दारात उभी राहून डचमध्ये विचारायची, चहा हवा का. मी मराठीत हो म्हणायचे. चहात आलं ती फार घालते, पण करते मन लावून. एके दिवशी ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने विचारलं की गेल्या वर्षी मी तिला पुण्याच्या बाईंच्या ऑनलाइन गाण्याच्या क्लासमधून का काढलं. घसा दुखतो असं ती एकदा म्हणाली होती, म्हणून, मी सांगितलं. ती म्हणाली, "ते फक्त त्या दिवशी." पुन्हा लावायचा का, मी विचारलं. ती म्हणाली, आता नको, आता हॉकी आहे. तिला ते सहज म्हणता आलं. मी चहा प्यायले.

ख्रिसमसच्या आधी शेवटची मीटिंग झाली. काय चांगलं झालं, काय वाईट, पुढच्या यजमान देशाला काय सांगायचं. निर्मातीबाईने सगळ्यांचे आभार मानले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझं एक्सेल त्यांना द्यायचंय. काही बदल?"

मी एक बदल केला होता. प्रत्येक मुलाच्या ओळीत, रंगांच्या चौकोनांच्या आधी, एक नवा रकाना घातला होता. त्यावर लिहिलं होतं : मुलाला विचारलं का? आणि खाली हो किंवा नाही. मुख्याध्यापकांनी वाचलं, म्हणाले, "हे आपण पहिल्या दिवशीच घालायला हवं होतं." निर्मातीबाई म्हणाली, "आणखी एक रकाना. बरं." एवढंच.

जानेवारीत पुढच्या देशाच्या प्लॅनरशी व्हिडिओ कॉल झाला. तिशीतला, उत्साही माणूस, मागे पांढरी भिंत. मी त्याला पाऊण तास सगळं समजावून सांगितलं. पाव तासाचे चौकोन, रंग, लाल ओळ, दुभाषे, काजू. त्या रकान्यापाशी तो थांबला.

"हे काय आहे?"

"मुलाला विचारलं का ते."

"काय विचारायचं?"

"त्या दिवशी जे काही बदलत असाल ते. ज्यासाठी आपण त्याला उतरवतो किंवा चढवतो ते."

"आणि त्याचं उत्तर नियमात बसत नसलं तर?"

"तर नाही बसत. पण विचारलेलं असतं."

त्याने ते टिपून घेतलं, निदान हात तरी हलताना दिसला. मग त्याने विचारलं, बस हॉटेलपाशी किती वेळ थांबतात. मी म्हणाले, सात मिनिटं धर. मुलं कधीच पाच मिनिटांत खाली येत नाहीत.